कट फ्लॉवरसाठी अँथुरियमचा नवा वाण: संकरापासून नोंदणीपर्यंत

दोन चांगल्या अँथुरियमचा संकर करून बी धरणे एका हंगामात शिकता येते. वेळ जातो तो पुढे, उगवलेल्या शेकडो रोपांतून कोणती टाकायची हे ठरवण्यात. पहिल्या संकरापासून विक्रीयोग्य वाण हाती येईपर्यंत आठ ते दहा वर्षे धरून चाला. या काळात नवशिक्याचे सगळ्यात जास्त लक्ष रंगाकडे असते आणि वाण बहुधा इतर कारणांनी पडतो: दांडा आखूड, झाडाला वर्षाला चारच फुले, फुलदाणीत आठवड्यात काळे पडणारे टोक. म्हणून हा लेख रंगापेक्षा छाटणीवर, म्हणजे नको ती रोपे काढून टाकण्यावर, जास्त बोलतो.

आधी झाडाची ओळख, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आपण ज्याला फूल म्हणतो तो चकचकीत रंगीत भाग म्हणजे स्पेथ. ते एक रूपांतरित पान आहे. मधला शेपटीसारखा भाग म्हणजे स्पॅडिक्स, आणि खरी फुले त्यावर असतात. शेकडो बारीक द्विलिंगी फुले तिरक्या ओळींत गच्च बसलेली. कट फ्लॉवरचे, म्हणजे दांड्यासह कापून विकायच्या फुलांचे, बहुतेक वाण अँथुरियम अँड्रिअॅनम आणि त्याच्या संकरांतून आले आहेत. ही जात कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट जंगलातली. १८७६ मध्ये एदुआर आंद्रे या फ्रेंच संशोधकाने ती युरोपकडे आणली आणि १८८९ मध्ये ती लंडनहून हवाईला पोहोचली. हवाई विद्यापीठाने १९५० पासून पद्धतशीर पैदास सुरू केली. रंगाच्या आनुवंशिकतेबद्दल आज जे माहीत आहे, त्यातले बरेचसे हारुयुकी कामेमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तिथल्या कामातून आलेले आहे.

## १. आधी कागदावर वाण लिहा

संकर करण्यापूर्वी हवा असलेला वाण आकड्यांत लिहून काढा. "सुंदर गुलाबी" असे लिहिले तर तीन वर्षांनी प्रत्येक रोप सुंदर वाटेल आणि एकही टाकवणार नाही. कट फ्लॉवरसाठी साधारण पुढच्या बाबींवर आकडा हवाच:

- दांडा: निदान ४० सेंमी, मोठ्या फुलांसाठी ६० सेंमीच्या आसपास. सरळ, आणि फुलाचे वजन पेलणारा.
- स्पेथ: हृदयाकृती, दोन्ही बाजू सारख्या. रुंदी कोणत्या वर्गात हवी ते आधीच ठरवा. लहान फूल ८-१० सेंमी, मोठे १३ सेंमीच्या पुढे.
- स्पॅडिक्स: स्पेथपेक्षा आखूड आणि पुढे झुकलेला. ताठ उभा स्पॅडिक्स कुंडीत छान दिसतो, पण खोक्यात भरताना शेजारच्या फुलाला घासतो आणि टोक मोडते.
- उत्पादन: झाडामागे वर्षाला सहा फुले ही किमान अपेक्षा, आठ मिळाली तर उत्तम.
- पेरे: आखूड. लांब पेऱ्यांचे झाड दोन-तीन वर्षांत उंच होऊन कलते.
- फुटवे: मध्यम. अजिबात नसतील तर वाढवणे अवघड, फार असतील तर फुले बारीक होतात.
- फुलदाणीतले आयुष्य: किमान दोन आठवडे, तीन असतील तर बाजारात बोलायला जागा राहते.

उत्पादनाबद्दल एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवा. अँथुरियम एकदा फुलण्याच्या अवस्थेत आले की प्रत्येक पानाच्या बगलेत एक कळी धरते. पान, फूल, पान, फूल असा क्रम वर्षभर चालतो. म्हणजे झाड वर्षाला जितकी पाने काढते, त्याहून जास्त फुले एका खोडावर येऊच शकत नाहीत. भरमसाठ खत देऊन हा आकडा दुप्पट होत नाही. तो बऱ्याच अंशी वाणाच्या रक्तात असतो. म्हणूनच पाने किती भराभर येतात हे निवडीचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

## २. मातृ-पितृ झाडे जमवा

सहा ते दहा वेगवेगळी झाडे पुरेशी आहेत, पण ती निरोगी आणि किमान वर्षभर तुमच्याच शेडनेटमध्ये फुललेली हवीत. कुठून तरी आणलेल्या झाडावर लगेच संकर करू नका. नवीन झाडे निदान दोन-तीन महिने वेगळ्या जागी ठेवा. जिवाणूजन्य करपा पानांवर दिसण्याआधी बराच काळ झाडात लपून राहू शकतो, आणि टिश्यू कल्चरमधून (झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत) तयार झालेले रोपही त्याला अपवाद नाही. १९८० च्या दशकात हवाईचा अँथुरियम व्यवसाय याच रोगाने मोडकळीला आणला.

जोड्या लावताना दोषांची बेरीज टाळा. आखूड दांड्याच्या दोन झाडांतून लांब दांड्याचे रोप मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली पाहिजे. निदान एक पालक तरी जास्त फुले देणारा असावा, ही अट कधी सोडू नका. स्वपरागीभवन करता येते, पण दोन-तीन पिढ्यांत रोपे खुजी आणि मंद वाढीची होऊ लागतात. म्हणून रंगाची चाचणी घेण्यापुरतेच ते ठेवा.

रानटी जातींचा मोह होतो आणि तो अगदीच वाया जात नाही. अँथुरियम अँटिओक्वीएन्समधून करप्याची सहनशीलता आणि लांबट स्पेथ येतो. अँथुरियम अॅम्निकोलामधून जांभळट छटा आणि ट्युलिपसारखा उभा आकार मिळतो. मात्र पहिल्या पिढीची फुले लहान असतात, दांडे बारीक असतात, आणि मोठे फूल परत आणण्यासाठी अँड्रिअॅनमशी पुन्हा एक-दोन संकर करावे लागतात. त्यात चार-सहा वर्षे वाढतात. पहिल्याच प्रयत्नात हा रस्ता धरू नये असे आमचे मत आहे.

पालक विकत घेताना पावतीबरोबरचा करार वाचा. युपोव या नव्या वाणांच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीतले वाण-संरक्षण कायदे संरक्षित वाण पैदाशीसाठी वापरू देतात, पण खरेदीच्या करारात वेगळी अट असू शकते. संरक्षित वाणावर आपोआप आलेली रंगबदल फांदी मात्र तुमचा स्वतंत्र वाण ठरत नाही. असा वाण मूळ वाणापासून निघालेला मानला जातो आणि तो विकायला मूळ मालकाची परवानगी लागते. जंगलातून आणलेल्या झाडांसाठी मूळ देशाची परवानगी, हे वेगळे प्रकरण.

## ३. रंगाचा हिशेब

अँथुरियमचा रंग पाहून अंदाज बांधला की फसगत होते, कारण पांढऱ्या फुलात लाल लपलेला असतो. ढोबळ हिशेब दोन जनुकांवर चालतो. त्यांना एम आणि ओ म्हणतात. प्रत्येक झाडात प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, काही चालू, काही बंद.

ओ ठरवतो रंग येणार की नाही आणि किती गडद. दोन्ही प्रती चालू असल्या तर गडद, एक चालू असली तर फिका, दोन्ही बंद असल्या तर पांढरा. एम ठरवतो कोणत्या कुळातला रंग. एम ची एक जरी प्रत चालू असली तरी लाल-गुलाबी कुळ, दोन्ही बंद असल्या तर नारिंगी-कोरल कुळ. लाल-गुलाबीमागे मुख्यतः सायनिडिन हे रंगद्रव्य असते आणि नारिंगी-कोरलमागे पेलार्गोनिडिन. म्हणून:

- ओ दोन, एम एक किंवा दोन: लाल
- ओ एक, एम एक किंवा दोन: गुलाबी
- ओ दोन, एम शून्य: नारिंगी
- ओ एक, एम शून्य: कोरल
- ओ शून्य, एम काहीही: पांढरा

आता यातून निघणारे निष्कर्ष पाहा. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून पहिल्या पिढीत एकही लाल रोप येत नाही, सगळी गुलाबी किंवा कोरल येतात. "संकर बिघडला" म्हणून ही रोपे फेकून देणारे भेटतात. बिघडलेले काहीच नसते. दुसरे, नारिंगी आणि पांढऱ्यातून कोरल मिळेल असे गृहीत धरू नका. त्या पांढऱ्यात एम च्या दोन्ही प्रती चालू असतील तर सगळी रोपे गुलाबी निघतील, एकच चालू असेल तर अर्धी गुलाबी आणि अर्धी कोरल. याचाच उपयोग चाचणी म्हणून करा: तुमच्याकडचे प्रत्येक पांढरे झाड एकदा नारिंगीशी जोडून पाहिले की त्याच्या पोटात काय आहे ते कायमचे कळते.

दोन्ही पालक गुलाबी असतील आणि दोघांतही एम व ओ ची एकेकच प्रत चालू असेल, तर दर १६ रोपांमागे सरासरी ३ लाल, ६ गुलाबी, १ नारिंगी, २ कोरल आणि ४ पांढरी येतात. सरासरी या शब्दाकडे लक्ष द्या. सोळाच रोपे लावली तर नारिंगी एकही न येण्याची शक्यता एक-तृतीयांशाहून जास्त असते. निदान एक नारिंगी मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर अशी ४७ रोपे वाढवावी लागतात. आणि ते एकमेव नारिंगी रोप लांब दांड्याचे, भरपूर फुलणारे असेल याची खात्री तर कोणीच देत नाही. म्हणून एका चांगल्या जोडीची दोनशे ते तीनशे रोपे हवीत. वीस जोड्यांची पंधरा-पंधरा रोपे वाढवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

गडदपणाच्या बारीक छटा, शिरांची हिरवट झाक, चकाकी यांवर इतर अनेक जनुकांचा हात असतो. शिवाय उन्हाळ्यात आणि थंडीत एकाच झाडाच्या फुलाची छटा बदलते. वरचा हिशेब रंगाचे कुळ सांगतो, नेमकी छटा नाही.

## ४. साहित्य

फार काही लागत नाही:

- मऊ केसांचे बारीक रंगकामाचे ब्रश, प्रत्येक पित्यासाठी वेगळा
- बटर पेपरच्या किंवा विरळ मलमलीच्या पिशव्या, बांधायला सुतळी
- प्लास्टिकचे टॅग आणि पुसले न जाणारे पेन
- काचेच्या छोट्या झाकणबंद कुप्या, सिलिका जेल, आणि त्यासाठी फ्रिजमध्ये एक कोपरा
- दहापट मोठे दाखवणारे भिंग
- स्पिरिट, ब्लीचचे द्रावण, रबरी हातमोजे
- बारीक कोकोपीट आणि परलाइट, झाकणाचे प्लास्टिक डबे
- पीएच (आम्लता) आणि ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मीटर, कमाल-किमान तापमापक
- पक्क्या बांधणीची वही

वहीवर हसू नका. संगणकात तक्ता ठेवाच, पण शेडनेटमध्ये ओल्या हातांनी लिहिलेली वही नंतर नोंदणीच्या वेळी सर्वांत मोलाची ठरते.

## ५. परागीभवन

अँथुरियमच्या प्रत्येक बारीक फुलात स्त्री आणि पुरुष दोन्ही अवयव असतात, पण ते एकाच वेळी जागे होत नाहीत. आधी स्त्री-अवस्था येते. स्पेथ उघडल्यावर थोड्या दिवसांत स्पॅडिक्सवर चिकट, चमकदार थेंब दिसू लागतात. बुडापासून सुरुवात होऊन ते टोकाकडे सरकतात. कुक्षी (पराग धरणारा भाग) पराग घ्यायला तयार झाल्याची हीच खूण. ही अवस्था साधारण आठवडाभर, काही वाणांत जास्त टिकते. मग थेंब वाळतात, काही दिवस काहीच घडत नाही, आणि त्यानंतर परागकोश वर येऊन पांढरी पूड झडू लागते. मधल्या या विरामामुळे पुंकेसर कापण्याची कटकट वाचते.

क्रम असा:

पहिले, मादी म्हणून निवडलेले फूल स्पेथ उघडताच पिशवीत झाका. शेडनेटमध्ये कीटक कमी फिरतात म्हणून काही जण पिशवी टाळतात. पण एका मुंगीने वर्षभराचा हिशेब बिघडवला तर तो दुरुस्त होत नाही.

दुसरे, नर फुलाचे पराग सकाळी, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, स्पॅडिक्स कोरडा असताना ब्रशने गुळगुळीत कागदावर झाडून घ्या. त्याच दिवशी वापरणे सर्वांत चांगले. नर आणि मादी एकाच वेळी तयार नसतील (बहुधा नसतातच) तर पराग सिलिका जेलसह कुपीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवस चालतात, पण जोम रोज घटत जातो. काही वाण उष्ण महिन्यांत पराग जवळपास देतच नाहीत, तर काही कधीच देत नाहीत. असे वाण फक्त मादी म्हणून वापरा.

तिसरे, थेंब दिसत असलेल्या भागावर ब्रशने पराग हलके फिरवा. एकदा फिरवून भागत नाही, कारण फुले बुडाकडून टोकाकडे टप्प्याटप्प्याने जागी होतात. थेंब संपेपर्यंत रोज किंवा एक दिवसाआड फिरवा. एकदाच केले तर स्पॅडिक्सच्या एका पट्ट्यातच दाणे भरतात.

चौथे, लगेच टॅग बांधा. आधी मादी, मग गुणाकाराचे चिन्ह, मग नर, आणि तारीख. "संध्याकाळी बांधू" म्हटले की टॅग चुकीच्या झाडावर जातो. दुसऱ्या पित्याला हात लावण्यापूर्वी हात आणि ब्रश स्पिरिटने पुसा.

झाडावर एका वेळी एकच फूल बी धरायला ठेवा. बाकीची कापून टाका. फळ पोसताना झाड थकते आणि पुढची फुले लहान येतात, तेव्हा त्या काळातल्या मापांवरून पालकाची किंमत ठरवू नका.

## ६. फळ आणि बी

परागण साधले असेल तर काही आठवड्यांत स्पॅडिक्स जाड आणि हिरवा होऊ लागतो. साधले नसेल तर तो पिवळा पडून सुकतो. फळे पिकायला साधारण सहा ते सात महिने लागतात, थंड जागी त्याहून जास्त. पिकलेला दाणा रंग बदलतो आणि स्पॅडिक्समधून आपणहून बाहेर डोकावतो. सगळे एकदम पिकत नाहीत, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी बाहेर आलेले तेवढेच वेचा. ओढून काढावे लागत असेल तर दाणा कच्चा आहे.

प्रत्येक दाण्यात बहुधा एक किंवा दोन बिया, चिकट गरात बुडालेल्या. गर काढताना हातमोजे घाला. या झाडाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्वचेला चांगलीच खाज सुटते. दाणे चिमटीत दाबून बी पाण्यात सोडा, एक रात्र भिजू द्या, म्हणजे गर सैल होतो. सकाळी चाळणीवर धुवा. गर राहिला की त्यावर बुरशी येते आणि दोन-तीन दिवसांत अख्खा डबा जातो. धुतल्यावर कॅप्टानसारख्या सौम्य बुरशीनाशकात पाकिटावरच्या मात्रेने थोडा वेळ बुडवून काढले तर चालते.

इथे नवशिक्यांचा सर्वांत मोठा घात होतो: बी वाळवून ठेवतात. अँथुरियमचे बी वाळले की मरते. धान्यासारखे ते साठवता येत नाही. ज्या दिवशी धुतले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पेरा. दुसऱ्याला बी पाठवायचे असेल तर ओल्या मॉसमध्ये गुंडाळून, लगेच.

## ७. पेरणी आणि रोपे

बारीक कोकोपीट-परलाइटचे मिश्रण ओले करून डब्यात भरा, पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, कारण त्यातले मीठ कोवळ्या मुळांना जाळते. बी पृष्ठभागावर ठेवा, गाडू नका. दोन बियांत सेंटिमीटरभर अंतर, वर झाकण, २४ ते २७ अंश तापमान, थेट ऊन अजिबात नाही. एक ते दोन आठवड्यांत उगवण दिसते. डब्यावर संकराचा क्रमांक दोन ठिकाणी लिहा, एक झाकणावर आणि एक आत मातीत खोचलेल्या टॅगवर. झाकणांची अदलाबदल होते.

उगवल्यावर झाकण एकदम काढू नका, आठवडाभरात हळूहळू सरकवा. रोपांना तीन-चार पाने आली की ट्रेमध्ये लावा, आणि मुळांनी ट्रे भरला की १० सेंमी कुंडीत. कोवळ्या रोपांना ०.५ मिलीसीमेन्स/सेंमीच्या आसपास ईसी असलेले खतपाणी पुरते. मोठ्यांना १.० ते १.२. सावली ७५ टक्क्यांच्या आसपास, आर्द्रता ७०-८० टक्के, रात्रीचे तापमान १५ अंशांखाली जाऊ देऊ नका.

पहिली छाटणी इथेच करा. मागे पडलेली, पाने वेडीवाकडी असलेली, पांढुरकी रोपे निर्दयपणे काढा. साधारण पाचातले एक तरी जाते. त्याचबरोबर आठ महिन्यांपासून पुढे प्रत्येक रोपाची नवी पाने मोजायला लागा. फूल यायच्या आधीच कोण वेगाने पाने काढतो ते कळते आणि पुढे तोच जास्त फुले देण्याची शक्यता अधिक.

जागेचाही हिशेब आत्ताच मांडा. फुलणारी झाडे चौरस मीटरमध्ये १२ ते १४ बसतात. म्हणजे हजार रोपांना वाटा सोडून ७० ते ८५ चौरस मीटर लागतात. इतकी जागा नसेल तर बी कमी पेरा. दाटीत वाढलेल्या रोपांचे दांडे सगळ्यांचेच लांब दिसतात आणि निवड फसते.

## ८. पहिली निवड

पेरणीपासून पहिले फूल यायला दीड ते अडीच वर्षे लागतात. ते फूल पाहून कोणताही निर्णय घेऊ नका. पहिले एक-दोन स्पेथ लहान आणि वाकडे असतात, रंगही फिका. तिसऱ्या-चौथ्या फुलापासून माप घ्यायला सुरुवात करा आणि वर्षभर घ्या, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळे त्यात येते.

दर फुलासाठी नोंद: कापणीची तारीख, दांड्याची लांबी, स्पेथची लांबी-रुंदी, स्पॅडिक्सची लांबी आणि कोन, दोष. दर महिन्याला पानांची संख्या आणि फुटवे. रंग शेवटच्या रकान्यात लिहा. आम्ही निवडीच्या दिवशी आधी आकड्यांवरून अर्धी रोपे बाद करतो आणि उरलेल्यांकडेच डोळ्यांनी पाहतो. उलट क्रमाने गेले की सुंदर पण आळशी झाडे हटकून वाचतात.

हजार रोपांतून वीस ते पन्नास पुढे नेणे योग्य. त्याहून जास्त ठेवावीशी वाटत असतील तर पायरी १ मधला कागद पुन्हा वाचा.

## ९. दुसरी फेरी: फुलदाणी आणि रोग

निवडलेल्या झाडांचे शेंडे आणि फुटवे काढून प्रत्येकी दहा-पंधरा झाडे करा. कापण्याची सुरी प्रत्येक झाडानंतर ब्लीचमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवा, कारण करपा सुरीवरून पसरतो. एकाच रोपाचा चांगुलपणा कोपऱ्यातल्या बऱ्या जागेमुळेही असू शकतो. दहा झाडे वेगवेगळ्या ठिकाणी सारखी वागली तरच तो वाणाचा गुण.

फुलदाणीची चाचणी सोपी आहे आणि तरी बहुतेक जण ती धडपणे घेत नाहीत. सर्व फुले एकाच अवस्थेत कापा. स्पॅडिक्सचा अर्ध्याहून अधिक, पाऊण भागापर्यंत रंग बदलला की कापणीची वेळ. दांड्याचे टोक पुन्हा ताजे कापून साध्या पाण्यात, २० ते २२ अंशांच्या खोलीत ठेवा. रोज पाहा: चकाकी कधी गेली, स्पेथ निळसर कधी पडला, स्पॅडिक्सचे टोक कधी तपकिरी झाले, दांडा कधी मऊ पडला. एका वाणाची निदान दहा फुले, तीही दोन वेगळ्या हंगामांत. बहुधा पाणी वर चढणे मंदावते आणि स्पॅडिक्समधून पाणी उडत राहते, त्याने फूल संपते. चाचणीतली फुले फ्रिजमध्ये ठेवू नका. १२-१३ अंशांच्या खाली थंडीची इजा होऊन ती काळवंडतात आणि दोष वाणाला लागतो. त्यानंतर त्याच वाणांची ताजी फुले खोक्यात भरून दोन दिवस ठेवा आणि मग पुन्हा चाचणी घ्या. धक्के सोसण्याची खरी परीक्षा इथे होते.

रोगांसाठी तीन गोष्टींवर डोळा ठेवा. करप्यात पानाच्या कडेला पाणी शोषल्यासारखे डाग येतात, भोवती पिवळी झालर, आणि रोग खोडात शिरला की झाड वाचत नाही. अँथ्रॅक्नोजमध्ये स्पॅडिक्सवर काळे ठिपके येतात, ते मोठे होऊन फूल विक्रीतून जाते. सूत्रकृमीने मुळे कुजली की पाने लहान आणि फिकी होत जातात. निवड बागेत औषधांची सततची फवारणी थांबवा. तिथे सगळी झाडे निरोगी दिसली तर कोण बळकट आणि कोण नाजूक ते कधीच कळणार नाही. मात्र मुद्दाम रोग सोडण्याची चाचणी घरच्या शेडनेटमध्ये करू नका. ती बंदिस्त प्रयोगशाळेचे काम आहे.

या फेरीतून दोन-चार वाण उरावेत. एकही न उरणे हेही नेहमीचे आहे. तेव्हा सर्वांत चांगली दोन-तीन झाडे पुढच्या संकराचे पालक म्हणून ठेवा.

## १०. टिश्यू कल्चरमध्ये देताना

फुटव्यांवर हजारो झाडे होत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळा लागते. पानाच्या तुकड्यांवर कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) वाढवून त्यातून रोपे काढण्याची पद्धत अँथुरियममध्ये १९७० च्या दशकापासून रुळली आहे आणि वेगाने आकडा वाढवते. तिचा धोका असा की कॅलसमधून निघालेली काही रोपे मूळ वाणासारखी नसतात: खुजी, पट्टेदार पानांची, वेगळ्या रंगाची. बगलेतल्या कळ्यांपासून केलेली वाढ मंद असते, पण वाण टिकवते. प्रयोगशाळेशी लेखी ठरवा की सुरुवात कशापासून, किती वेळा उपसंवर्धन (वाढ तोडून ताज्या माध्यमावर पुन्हा लावणे), आणि करपा-मुक्त असल्याची तपासणी कोण करणार. वाण तुमचा आहे आणि रोपे तिसऱ्याला देता येणार नाहीत, हे वाक्य करारात नसेल तर सही करू नका.

पहिली शंभर-दोनशे रोपे स्वतः फुलवून पाहा. ती मूळ झाडाशी ताडून पाहिल्याशिवाय मोठी मागणी नोंदवू नका.

## ११. नोंदणी

वाणाच्या संरक्षणाला पाच कसोट्या असतात: नवेपणा, वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थैर्य आणि योग्य नाव. तुमच्या देशाचा कायदा आणि अर्ज मागवून आधी वाचा. तपशील देशागणिक बदलतात. लागणारी कागदपत्रे साधारण अशी:

- संकराची नोंदवही: पालक, तारखा, रोपांचे क्रमांक, निवडीचे टप्पे
- पालक वाण कायदेशीरपणे मिळाल्याच्या पावत्या किंवा करार
- सर्वांत जवळच्या ज्ञात वाणाशी तुलना, दोन्ही एकाच वेळी शेजारी वाढवून घेतलेल्या मापांसह
- स्पेथ आणि स्पॅडिक्सच्या रंगाची नोंद, आरएचएस (ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी) रंगतक्त्याच्या क्रमांकाने
- झाड, पान, फूल, यांची पट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे
- हक्क कोणाचा, त्याचा पुरावा. कामगार किंवा भागीदार असतील तर त्यांच्याशी झालेला करार

नाव आधी शोधा. वापरात असलेले किंवा दिशाभूल करणारे नाव फेटाळले जाते, आणि नुसते आकडे बहुधा चालत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारा सापळा नवेपणाचा. युपोवच्या १९९१ च्या करारानुसार अर्जाच्या आधी आपल्या देशात एका वर्षापेक्षा जास्त काळ आणि परदेशात चार वर्षांपेक्षा जास्त काळ वाण विकला गेलेला नसावा. यात रोपांबरोबर फुलेही धरली जातात. बाजाराचा अंदाज घेण्यासाठी तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेला फुलांचा एक गठ्ठाही या मोजणीत येऊ शकतो. चाचणीची फुले कोणाला पाहायला द्यायची असतील तर ती विक्री नाही असे लिहून द्या आणि तारीख वहीत टाका.

अर्ज मंजूर होईपर्यंत आणि त्यानंतरही मूळ झाडे दोन वेगळ्या जागी, वेगवेगळ्या पाणीपुरवठ्यावर जपा. अधिकारी वाणाचे नमुने केव्हाही मागू शकतात, आणि ते देता आले नाहीत तर मिळालेला हक्कही रद्द होऊ शकतो.